पास्कलदादाचं शेवटचं गाणं

दुपारचं जेवण झालं की स्टुडिओतल्या सोफ्यावर मी जरा आडवी होते. एसीची घरघर चालू असते. आज ती घरघर हळूहळू एका सुरावर येऊन थांबते. हा कुठला सूर, असं मी मनाशी विचारते, आणि विचारता विचारता डोळे मिटतात.

"मृदुला, जेवलीस का?"

पास्कलदादा समोरच्या खुर्चीत बसलाय. बूट काढून ठेवलेत, पाय टेबलावर. फेब्रुवारीत आम्ही त्याला वसईत पुरलं, मूठभर माती मीही टाकली. पण आता ते सांगण्यासारखं वाटत नाही.

"जेवले," मी म्हणते. "तू?"

"मला कुणी विचारलंच नाही," तो म्हणतो आणि हसतो.

पास्कल डाबरे. लग्नाच्या बॅंडमध्ये ट्रंपेट वाजवणारा मुलगा पुढे गिटार घेऊन पॉप गायला लागला आणि एका पिढीला त्यानं नाचवलं. मी तीस वर्षं त्याच्या शेजारी कीबोर्ड वाजवला. सत्तरी उलटल्यावर त्याला शेवटचा अल्बम करायचा होता. "गोंधळ्याचं संबळ, आमच्या चर्चमध्ये गाणारा क्वायर, लग्नाचा बॅंड, ढोलकी, सगळं एकाच गाण्यात. लोक म्हणतील म्हातारा बिघडला. म्हणू देत." अल्बमचं नावही त्यानंच ठेवलं, 'सरमिसळ'. सगळी गाणी झाली. शेवटच्या गाण्यात वाद्यं झाली, क्वायर झाला, आणि दादाचा आवाज घ्यायचा त्याच आठवड्यात तो गेला.

आता रेकॉर्ड कंपनी म्हणते, जुन्या गाण्यांवरून कॉम्प्युटर त्याचा आवाज बनवेल, कुणाला कळणारही नाही. दादाचा मुलगा ग्लेन म्हणाला, "आत्या, तू सांगशील तसं." आज संध्याकाळपर्यंत मला सांगायचंय.

"माझी तारीख कधीची आहे?" दादा विचारतो.

"कसली तारीख?"

"रेकॉर्डिंगची. केव्हाचा वाट बघतोय. ग्लेन फोनच उचलत नाही." तो घसा खाकरतो. "आज आवाज चांगला लागलाय. माइक लाव."

मी उठते, माइक लावते, त्याच्या उंचीला करते. हेडफोन त्याच्या कानांवर ठेवते. त्याचे केस ओले आहेत.

मी काचेपलीकडच्या मिक्सरच्या खोलीत जायला दार उघडते, तर पलीकडे चर्चचा हॉल. लाकडी बाकं, वर क्वायरची माडी. माडीवर कवड्यांच्या माळा घातलेला गोंधळी संबळ वाजवतोय. पांढऱ्या गणवेशातले बॅंडवाले भिंतीला टेकून उभे आहेत आणि त्यांची पितळी वाद्यं चकाकतायत. सगळं एकत्र वाजतं आणि सगळं जुळतं, अगदी दादाला हवं होतं तसं.

दादा डोळे मिटून गायला लागतो. मानेची शीर ताठ होते, छाती भरते, ओठ हलतात.

आवाज येत नाही.

संबळ ऐकू येतंय, ट्रंपेट ऐकू येतंय, बाकावरच्या कुणाचा तरी खोकलासुद्धा ऐकू येतोय. दादा तेवढा ऐकू येत नाही. मी मिक्सरची बटणं वर ढकलते, वायर काढून पुन्हा घालते. मिक्सर बाकावर ठेवलाय, आणि त्याची वायर कुठेच जात नाही.

तो थांबतो. "कसं झालं?"

"छान," मी म्हणते.

"खोटं बोलतेस. परत घेऊ."

परत घेतो. आता आम्ही केळीच्या बागेत आहोत, पाटाचं पाणी माझ्या पायांवरून वाहतंय, आणि बॅंड पानांआड वाजतोय. तो पुन्हा जीव तोडून गातो. मी त्याच्या तोंडाशी कान नेते. श्वाससुद्धा लागत नाही.

"दादा," मी म्हणते, "ते लोक म्हणतात, मशीनवर तुझा आवाज बनवू."

"माझ्यासारखं गाईल?"

"हुबेहूब."

तो रागावत नाही. "मग मी आज कशाला आलो गं?"

तूच सांग, करू का नको करू, असं मला ओरडून विचारायचंय. माझी जीभ जड झालीय. तो हेडफोन काढून माझ्या हातात देतो.

"दमलो. घरी जाऊ का?"

शाळेतल्या मुलानं बाईंना विचारावं तसं विचारतो. मी मान हलवते. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळत नाही. तो माझं डावं मनगट धरतो. ताल चुकायला लागला की स्टेजवर धरायचा, तसं घट्ट. दुखतं. मी म्हणते, "सोड," आणि लगेच म्हणते, "नको सोडूस."

फोन वाजतोय. एसीची घरघर पुन्हा नुसती घरघर आहे.

"आत्या, कुठे होतीस?" ग्लेन. "किती फोन केले! त्यांना घाई होती, तू उचलत नव्हतीस, मग मी हो म्हणून टाकलं. त्यांनी तुकडाही पाठवलाय. ऐक ना, पप्पाच वाटतात."

"ग्लेन, थांब, मी..."

पण त्यानं लावलंसुद्धा. फोनमधून दादा गायला लागतो. स्वच्छ, तरुण, कुठेही न अडखळता. ग्लेन पलीकडे रडतोय. बापाचा आवाज आता बंद कर, असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

"चांगलं आहे ना, आत्या?"

"हो," मी म्हणते.

फोन ठेवते. डावा हात जड वाटतो म्हणून बघते. मनगटावर चार बोटांचे लाल वळ आहेत, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक. झोपेत मीच धरलं असेल म्हणून उजव्या हाताची बोटं त्यांच्यावर ठेवून पाहते. माझी बोटं आखूड पडतात.

वळ फिके व्हायला लागलेत. मी खिडकीशी उजेडात जाते आणि ते जाईपर्यंत बघत राहते.