सिताराच्या कानामागची गाठ

मुख्तारचाचांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण घोड्याचं डोकं त्यांना तोंडपाठ होतं. मी घाटंजीच्या शाळेत शिक्षणसेवक, विज्ञानाचा. फळ्यावर घोडा झकास काढायचो. खऱ्या घोड्याला मात्र कधी हात लावला नव्हता.

ऑटो आले तेव्हा चाचांनी टांगा विकला आणि घोडी ठेवली. सितारा तिचं नाव. वरातीत ती अशी चालायची की नवरदेव कसाही असो, राजबिंडा दिसायचा. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. घरोघरची लग्नं थांबली आणि सामूहिक विवाह सुरू झाले. अकरा नवरदेव आणि घोडी एक! मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत प्रत्येकाची एक फेरी. माझा नंबर सातवा.

सहा फेऱ्या सुरळीत झाल्या. मी बसलो आणि सितारानं मान झटकली. कान मागे पाडले, पाय रोवले आणि हलेचना. बॅंडवाले थांबले. भैरवीचे, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोचे, मामा पुढे आले.

"घोडी नाही म्हणून राह्यली. आपल्या पोरीले हा मुहूर्त नको. अन् ही अपशकुनी घोडी पुन्हा कोण्या लग्नात दिसली नाही पाह्यजे!"

चाचांचा चेहराच उतरला. मामांचा शब्द गावात चालायचा आणि सितारावाचून चाचांना दुसरा धंदा नव्हता. इतक्यात कुणीतरी काठी उगारली. चाचांनी ती वरच्यावर धरली.

"मारता कायले? तिचं काहीतरी दुखून राह्यलं. मास्तर, उतरा. हात द्या इकडं."

त्यांनी माझा हात घोडीच्या डोळ्यावरच्या खळग्यावर ठेवला. "चारा चावला का हे हलते. इथं ठीक हाये." मग ओठ बाजूला केला. "पुढचे दात अन् दाढा, मधात ही मोकळी जागा. लगाम इथं बसते. जखम नाही." नाकपुड्या पाहिल्या. "घोडं तोंडानं श्वास घेत नाही, सारा खेळ नाकाचा. नाकबी साफ." मी पुढून वाकून बघायला गेलो तर चाचांनी मला बाजूला ओढलं. "कपाळासमोरचं तिले दिसत नाही, मास्तर. तुमच्या पुस्तकात कान हाये ना?"

"आहे."

"अन् कानामागचं?"

"नाही," मी म्हणालो. लाज वाटली.

चाचांची बोटं कानामागे गेली आणि सितारा थरारली. तिथं सुपारीएवढी गाठ होती. प्रत्येक नवरदेवाच्या आईनं "आमचीबी एक" म्हणत घोडीला मुंडावळी बांधली होती. सहा मुंडावळ्यांचे दोरे लगामाच्या पट्ट्यात अडकून आवळले होते.

"गलती माही हाये," चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कोण्या मायले नाही म्हणता आलं नाही मले."

त्यांनी गाठ सोडवली. पण मुंडावळ्या ठेवायच्या कुठे? लग्नाची वस्तू जमिनीवर कशी टाकणार? चाचांनी टोपी काढून खिशात घातली आणि साही मुंडावळ्या स्वतःच्या कपाळाला बांधल्या. माझ्या आईनं सातवी बांधली. पांढऱ्या दाढीवर मोती डुलायला लागले.

"अपने निकाह में तो इतने नहीं सजे थे!" गर्दीतून त्यांची बायको रशीदाचाची ओरडली, आणि मांडवापर्यंत हशा गेला.

मी पुन्हा बसलो. सितारा फुरफुरली आणि ठुमकत निघाली. बॅंडसमोर सर्वांत जास्त मामाच नाचले. पुढच्या चारही नवरदेवांच्या आया मुंडावळी घेऊन चाचांकडेच आल्या. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मामांनी मुलाच्या लग्नाला सितारालाच बोलावलं. मामी मुंडावळी घेऊन घोडीकडे निघाल्या, तसे मामा लांबूनच ओरडले,

"घोडीले नाही व, चाचाले बांध!"