सातव्या प्रश्नाची दुरुस्ती

मा. संपादक,

आपल्या सदरात छापून येणारे अनुभव मी वाचतो ते त्यांतले दोष काढण्यासाठी. ठिकाण मोघम, साक्षीदार दिवंगत, कागद एकही नाही! याविषयी मी आपणांस दोन पत्रे धाडली. पोच आली नाही... ते असो. एका शासकीय कार्यालयाच्या विधी शाखेत माझी सारी नोकरी झाली. जे कागदावर नाही ते घडलेले नाही, असे मानूनच मी जगलो आणि आजही भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे तिसरे पत्र मात्र तक्रारीचे नाही. कागद सोबत जोडले आहेत. साक्षीदार हयात आहेत.

माझे वय सदुसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व. माझी नात मनवा कॉलेजात आहे. तिला स्कूबा डायव्हिंग शिकायचे होते — आधी ठाण्यातल्या एका क्लबच्या तरणतलावात तालीम, मग मालवणला समुद्र. माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, एक अट घातली : "आबा बरोबर उतरत असतील तरच." मी नकार देईन, असा त्याचा हिशोब. पण मी कल्याणजवळच्या मोहने गावी उल्हास नदीत पोहायला शिकलेला माणूस. मी होकार दिला.

त्यानंतर प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला मी सविस्तर पत्र लिहिले. सिलिंडरची दाबचाचणी शेवटची केव्हा झाली? प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू आहे काय? एका प्रशिक्षकामागे नवशिके किती? काठावर ऑक्सिजनची सोय असते काय? सर्व उत्तरे लेखी आली. प्रशिक्षिका सामंतबाई, मूळच्या मालवणच्या, यांनी वर फोनही केला. "काका, सगळे असे प्रश्न विचारायला लागले तर माझी अर्धी चिंता मिटेल," म्हणाल्या.

मग वैद्यकीय प्रश्नावलीचा अर्ज आला. सातवा प्रश्न असा : 'गेल्या वर्षभरात कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली होती काय?'

मी 'नाही'वर खूण केली.

ते खोटे होते. तीनच आठवड्यांपूर्वी, भल्या सकाळी, ठाकुर्लीच्या रेल्वे पुलावर माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. भानावर आलो तेव्हा मी पायरीवर बसलेलो होतो आणि दोन पायऱ्या खाली दुधाची पिशवी फुटून पडली होती. पुलावर दुसरे कुणी नव्हते. घरी 'पिशवी गळकी निघाली' असे सांगितले. 'होय' लिहिले असते तर डॉक्टरांचा दाखला मागितला असता आणि मनवाचा बेत मोडला असता, अशी मी माझी समजूत घातली. खरे कारण, मला म्हातारा ठरायचे नव्हते. इतरांच्या खोट्या प्रतिज्ञापत्रांवर आयुष्यभर ताशेरे ओढलेल्या माणसाने खाली सही ठोकली : 'वरील माहिती सत्य व पूर्ण आहे.'

नेहमीप्रमाणे अर्जाची झेरॉक्स काढली. शनिवारी सकाळी मनवा आणि मी टॅक्सीने ठाण्याला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का उचलताच मी त्यांना थांबवले. "आधी मूळ अर्ज आणि प्रत ताडून पाहा, मग पोच द्या."

"आबा, पोहायला आलोय आपण, सातबारा काढायला नाही," मनवा पुटपुटली.

बाईंनी कपाळाला आठ्या घालत एकेका प्रश्नावर बोट ठेवून ताडले. सातव्यावरही. मग शिक्का मारला. मूळ अर्ज त्यांनीच उचलून दहा पावलांवर तलावाकाठी बसलेल्या सामंतबाईंच्या हाती दिला. आम्ही दोघे समोर बाकावर होतो. माझे शाईचे पेन माझ्या खिशात होते.

पाच मिनिटांनी सामंतबाईंनी हाक मारली.

"काका, तुम्ही आज पाण्यात नाही हं."

"कारण लेखी द्या."

"अहो, कारण तुम्हीच लेखी दिलंयत की!"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. सातव्या प्रश्नापुढचे 'नाही' एका आडव्या रेघेने खोडलेले. 'होय'वर खूण. समासात लिहिलेले — 'ठाकुर्ली पूल. सकाळी. दूध सांडले.' शेजारी माझी आद्याक्षरी सही. अक्षर माझे. निळी-काळी शाई माझी. खोडताना गिरगटायचे नाही, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, ही माझ्या कार्यालयातली शिस्तसुद्धा पाळलेली!

मी भडकलो. दस्तऐवजात फेरफार हा फौजदारी गुन्हा आहे, हे तलावावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले आणि पोच असलेली प्रत टेबलावर आपटली. मनवा दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरून वाचत होती.

"आबा... दूध? तुम्ही तर म्हणालेलात, पिशवी गळकी होती."

मी माझ्या प्रतीसाठी हात पुढे केला.

"कुणी लिहिलं त्यावर मागाहून भांडू," सामंतबाई म्हणाल्या. "जमिनीवर चक्कर आली तर माणूस खाली बसतो. पाण्यात तोंडातली श्वासाची नळी सुटते. नवशिक्यांना मी एकच गोष्ट घोकून घेते, श्वास कधी रोखायचा नाही. पण शुद्धच नसलेल्या माणसाला मी काय सांगू? आणि त्या वेळी हिचा हात तुमच्या हातात असणार. खरं आहे का, तेवढं बोला."

"खरे आहे," मी म्हणालो.

सोमवारी कल्याणच्या हृदयरोगतज्ज्ञांनी चोवीस तास छातीला यंत्र लावले. ठोके मधूनच काही सेकंद थांबत होते. "पाण्याखाली कशाला निघाला होतात?" त्यांनी विचारले. नातीला सोबत म्हणून, असे मी सांगितले. "छान सोबत केली असतीत!" ते म्हणाले आणि पेसमेकरची तारीख दिली.

मनवाची तालीम पूर्ण झाली. पाण्यात तिची जोडीदार म्हणून स्वतः सामंतबाई उतरल्या. मी काठावर बसून होतो.

चौकशी मी कसून केली. मुलगा म्हणतो, "आबा, तुम्हीच लिहिलं असणार, विसरलात." कधी? बाईंनी ताडले तेव्हा मूळ अर्जात 'नाही' होते, हे त्या आजही सांगतात. त्यानंतर कागदाला माझा हात लागला नाही. मनवा शेजारी होती. आणि ते पुलावर सांडलेले दूध माझ्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

तक्रारीचा मसुदा मी त्याच आठवड्यात केला. विषय, संदर्भ, सोबतची कागदपत्रे, सर्व तयार. मनवाने वाचला आणि 'विरुद्ध' या शब्दापुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

"आबा, इथे तुमचंच नाव घाला. खोटं तर तुम्हीच लिहिलेलंत."

ते मला मान्य आहे. खोटे मी लिहिले, त्याची पोच घेतलेली प्रत माझ्यापाशी आहे. खरे कुणी लिहिले ते मला आजही सांगता येत नाही. ती जागा मोकळीच आहे.