मागच्या ओळीचं वय

आठ दिवस थांबलेलं काम, सहा मजुरांना बसवून दिलेली हजेरी, झिजलेले तीन ब्रश आणि माझा ठाण्यातला वट. हातभर भिंत खरवडायला एवढं लागलं. इतिहासाच्या प्राध्यापिका डॉ. मालतीबाई ओझरकर यांच्याशी माझी पहिली ओळख ती अशी. आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त सांगतो, सौदा स्वस्तात पडला.

ठाण्यात खोपटच्या पलीकडे गिरणी कामगारांची जुनी चाळ होती. गिरणी बंद पडलेली. चाळ पाडून इमारत व्हायची होती आणि पाडकामाचा ठेका माझा. मूळ चाळीतल्या बिऱ्हाडांना नवी खोली, मागाहून वाढवलेल्या खोल्यांना काही नाही, असं ठरलेलं. मागच्या ओळीत नऊ बिऱ्हाडं होती. ती ओळ मूळची की मागाहूनची, मालकांनी मला विचारलं. मी बिगाऱ्यापासून वर आलेलो माणूस, हातोडी वाजवली, कान दिला आणि म्हणालो, "ही ओळ फार तर पंधरा वर्षांची. ठाण्यातली कुठलीही भिंत मला आपलं वय सांगते." तसं लिहूनही दिलं.

त्या ओळीत पार्वतीमावशी राहायच्या, गिरणीतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "वसंता, हातोडीनं वय कळतं ना? मग माझ्या डोक्यावर वाजव एकदा. मी नवरी म्हणून या खोलीत आले. आता नातू लग्नाचा झालाय."

मालतीबाई तेव्हा विद्यार्थिनींना घेऊन चाळीची मोजमापं घ्यायला येत. मी विचारलं, "इथे काय उकरणार बाई? इथे कुठला राजा राहिलेला?"

"राजा नव्हता म्हणूनच आले, वसंतराव. त्याची चौकशी करायला पुष्कळ जण आहेत."

मातीत गिरणीचा पितळी बिल्ला मिळो की कपाचा तुटका कान, बाई तो आधी चाळीतल्या बायकांना दाखवत आणि वहीत त्या वस्तूपुढे सांगणारीचं नाव लिहीत. मावशींचं म्हणणंही त्यांनी असंच टिपून घेतलं आणि मालकांकडून आठ दिवसांची मुदत मागितली.

तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या गिलाव्याखाली जुना चुना लागला, पुढच्या ओळीत होता तसाच. मग जमीन उकरली. दोन्ही ओळींचा पाया एकसंध, मध्ये सांधा नाही. चाळ एकदमच बांधलेली.

बैठकीत मालकांचा मुनीम माझ्याकडे बघून हसला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हातोडी खोटं बोलली नाही. तिने गिलाव्याचं वय बरोबर सांगितलं." आणि चूक दुरुस्त करणारा कागद त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतला, आपल्या अहवालाच्या पहिल्या पानासाठी. नऊही बिऱ्हाडांना खोल्या मिळाल्या. मावशींच्या हातात किल्ली पडली त्या दिवशी मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

आता कल्याण-डोंबिवलीकडच्या चाळीही पडू लागल्या आहेत. बाईंना निरोगी शंभर वर्षं मिळोत आणि उकिडवं बसायला गुडघे साथ देवोत, एवढंच मागणं.

या लेखासाठी बाईंची जुनी वही परवा चाळली. गिलाव्याच्या नोंदीपुढे त्यांच्या अक्षरात आहे: "सांगणाऱ्या, पार्वतीबाई. काम करणारा, वसंता, तेव्हा बिगारी." इतक्या वर्षांत बाई यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

गिलावा माझ्याच हातचा होता.