न मोजता बदललेल्या डिस्क

बाबांनी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. लेथवरून उतरलेला नग त्यांच्या टेबलावर यायचा, ते मायक्रोमीटरने मोजायचे आणि पास करायचे किंवा बाजूला काढायचे. खराब नग पास झाला तर त्यांना जितकं लागायचं, तितकंच चांगला नग भंगारात गेला तरी लागायचं. मी सहावीत असताना त्यांनी मला मायक्रोमीटर वाचायला शिकवलं. वहीचं पान, शिक्का पुसट झालेलं नाणं, माझ्याच वेणीतला केस, सगळं मोजायला लावलं. केसाचा आकडा मी बरोबर सांगितला त्या दिवशी त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी गाडी ब्रेक दाबला की करकरायला लागली. मी वासण्याला राहते, बाबा तरसालीला, आई गेल्यापासून एकटेच. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पॅड संपले असतील. पण गॅरेजवाले लगेच डिस्कही बदलायला सांगतात. मी आल्याशिवाय कशाला हो म्हणू नकोस."

त्यांच्या घराजवळच एक गॅरेज आहे. मालक गुजराती, चाळिशीचा, सरळ माणूस. बाबांना तो काका म्हणायचा. बाबा लाकडी पेटीतून स्वतःचा मायक्रोमीटर घेऊन आले की हातातलं काम टाकून त्यांना स्टूल द्यायचा.

त्याने पुढची दोन्ही चाकं काढली. पॅड खरंच संपले होते. डिस्कवर ती बनवणाऱ्या कंपनीने कोरलेलं होतं: कमीत कमी जाडी वीस मिलिमीटर. त्याखाली गेली तर डिस्क टाकायची, वर असेल तर चालेल. बाबांनी फडक्याने डिस्क पुसली, कडेपासून बोटभर आत मायक्रोमीटर लावला, शेवटची घट्ट फिरकी दिली. हात अगदी पूर्वीसारखेच चालत होते. मग चष्मा वर करून त्यांनी आकडा वाचला.

"अठरा पॉइंट सेहेचाळीस."

मी शेजारीच उभी होते. मला एकवीस पॉइंट सेहेचाळीस दिसत होतं.

मालकालाही दिसलं असावं. तो हळूच म्हणाला, "काका, फरी एक वार जोई लो ने."

बाबांनी पुन्हा बघितलं. या वेळी म्हणाले, "सोळा." मग बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मायक्रोमीटर माझ्याकडे न देता मुठीत धरून ते मला म्हणाले, "आकडे दिसतायत गं. ते काय सांगतायत, ते कळत नाहीये."

त्याआधी काही झालं नव्हतं असं नाही. गॅस दोनदा उघडा राहिला होता. माझ्या मुलाला ते माझ्या भावाच्या नावाने हाक मारायचे. वय झालं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्या क्षणी मात्र सोडून देता येईना.

काय करायचं, असं मालकाने मला विचारलं, "बेन, शुं करवुं छे?"

आणि मी म्हणाले, "बाबा म्हणतायत ना, बदलून टाका."

मला वाटलं, त्यांचा शब्द राखला. परक्या माणसासमोर त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. मालकाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नव्या डिस्क मागवल्या. बाबा बाहेर लिंबाखाली खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांना डुलकी लागली.

तासाभराने ते आत आले. काढलेल्या डिस्क भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांनी एक उचलली, अंगठा पृष्ठभागावरून फिरवला, नख कडेला लावून बघितलं. चेहरा एकदम कामावरचा झाला.

"या कोणाच्या?"

"आपल्याच गाडीच्या, बाबा."

"या तर चांगल्या आहेत. चर नाही, कड नावालाच आलीय. काढायला कोणी सांगितलं?"

मघाचं मोजणं त्यांच्या मनातून पुसून गेलं होतं. मालक खाली मान घालून नटबोल्ट गोळा करायला लागला.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"मोजल्याशिवाय?"

"हो."

बाबा माझ्यावर आयुष्यात फारसे रागावले नव्हते. तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "तुला शिकवलं होतं मी." घरी पोहोचेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. दारात मी हात पुढे केला तर तो बाजूला सारून एकटेच पायऱ्या चढले.

गाडीत बसून मी रडले. मी त्यांचा मान राखला नव्हता. आयुष्यभर ज्या गोष्टीची त्यांना चीड होती, तीच मी त्यांच्या नावावर केली होती. "बाबा, एकवीस आहे, पुन्हा बघू या" एवढं म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्यांना खोटं पाडायला मी भीत नव्हते. ते हरवत चाललेत हे मोठ्याने ऐकायला भीत होते.

पुढे डॉक्टरांकडे जाणं झालं, तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. बाबा माझ्याकडे वासण्याला आले. एकेक गोष्ट जात राहिली: कारखान्यातले सोबती, तरसालीचं घर, आई कधी गेली ते. डिस्कची गोष्ट मात्र गेली नाही. ती का राहिली, देव जाणे. येईल त्याला ते सांगायचे, मुलीने चांगल्या डिस्क न मोजता बदलल्या. मी चहाचे कप ठेवत ऐकायची.

आता ते मला ओळखत नाहीत. परवा दुपारी मी त्यांना भात भरवत होते, तर ते मलाच सांगायला लागले.

"माझी एक मुलगी आहे. मोजायला शिकवलं तिला, तरी न मोजता डिस्क काढल्या तिने."

"चुकलंच तिचं," मी म्हणाले.

त्यांनी घास गिळला. थोडा विचार केला.

"तिला बोललो मी. एवढं बोलायला नको होतं," ते म्हणाले. "तुम्हाला भेटली, तर सांगाल का?"

"सांगते," मी म्हणाले.