शनिवारची वेणी

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझी वेणी माझी आई घालायची, आणि तेवढ्यासाठी ती दर शनिवारी सावनेरहून एस.टी.ने नागपूरला यायची. तीच वेणी मी पुढच्या शनिवारपर्यंत टिकवायची. हसा, खुशाल हसा. होस्टेलच्या पोरीही हसायच्या. व्हरांड्यात आई माझ्या मागे बसली की त्या उगाचच ये-जा करायच्या, आणि मला वाटायचं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाची ही गोष्ट. बी.ए.ची पुस्तकं मला तोंडपाठ. पण कंगवा हातात घेतला की सुरुवात कुठून करायची तेच सुचायचं नाही. कधी स्वतः करायला गेलेच, तर भांग सरळ पडेपर्यंत विंचरत बसायचे आणि तिकडे कॉलेजची घंटा होऊन जायची. माझ्यासारख्यांना काय म्हणतात ते केस पिकल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ऑटिझम. तेव्हा आमच्याकडे एकच शब्द होता, चक्रम.

बाबांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत सोताचं सोताले करता आलं नाही, तं ट्रंक उचलून घरी यायचं. कॉलेज बंद." घरी म्हणजे मागच्या खोलीत. पाहुणे आले की मला तिथे बसवून दार बाहेरून लोटून घेत, लहानपणापासून हेच चालत आलं होतं. मला परत तिथे जायचं नव्हतं.

माझ्या खोलीतली ताई उमरेडची, विणकराच्या घरची, एम.ए.ला होती. गोड बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. एका शनिवारी आई गेल्यावर म्हणाली, "तुही माय अजून किती वर्सं येणार वं? थकली ते. दिसत नाही तुले?" खरं सांगते, मला दिसलं नव्हतं. शरमेनं मान वर होईना.

मग तिनेच विचारलं, "तुले न चुकता काय करता येते?"

"सकाळी नळावर बादली भरता येते."

"मंग झालं तं! मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा कोणी हवेत बांधते का? जुन्याच्या टोकाले एकेक धागा सांधते माणूस. तुही बादली म्हणजे जुना ताणा."

बादली भरली की आंघोळ, आंघोळ झाली की कंगवा, कंगव्यानंतर पेड. असं एकापुढे एक तिने सांधत नेलं. चुकलं की टपली. नवरात्रापर्यंत मला वेणी जमायला लागली. आईला सांगितलं नव्हतं, येत्या शनिवारी घातलेलीच दाखवायची असं आमचं ठरलं.

आणि नेमकं त्या शनिवारी नळाला पाणीच आलं नाही. बाकीच्या पोरींनी कालच्या उरलेल्या पाण्याने तोंडं धुतली. माझं काय? बादली नाही म्हणून आंघोळ नाही, आंघोळ नाही म्हणून वेणी नाही. रिकामी बादली धरून, केस मोकळे सोडून, ऊन डोक्यावर येईपर्यंत मी नळापाशी उभी. वॉर्डनबाईंनी विचारलं तेव्हा जे होतं तेच सांगितलं, "पाणी आलं नाही, वेणी कशी घालू?" पोरी खो खो हसत सुटल्या. तेवढ्यात फाटकातून आई आत आली.

आमच्याकडे घरातलं कोणी वारलं तरच बाई असे केस सोडून अंगणात उभी राहते. आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वॉर्डनबाई म्हणाल्या, "घेऊन जा हो हिला. असल्या मुलीची जबाबदारी मी घेणार नाही."

ताई आतून तरातरा आली. "तिची नाही बाई, चूक माही आहे. सारं एकाच धाग्याले सांधून बसली मी." मग माझ्याकडे वळून ओरडली, "पाणी गेलं खड्ड्यात! कंगव्यापासून सुरू कर वं!"

आईने नेहमीसारखा पिशवीतून कंगवा काढलाच होता. क्षणभर तिने तो तसाच धरून ठेवला, मग माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसली. सगळ्यांदेखत मी वेणी घालायला घेतली. पेड सुटत होते, कोणीतरी फिदीफिदी हसत होतं. कान नुसते तापले होते. दोनदा वाटलं, कंगवा फेकावा आणि सरळ ट्रंक भरावी. पण शेवटी रिबिनीची गाठ बसली. वेणी एका कानाकडे कललेली. बाबांची मुदत वॉर्डनबाईंनाही ठाऊक होती. त्यांनी पाहिलं, "बरं, दिवाळीपर्यंत बघू," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आईचा हात ती सरळ करायला उठला. अर्ध्यातूनच तिने तो मागे घेतला.

"वाकडी झाली वं," ती म्हणाली. "राहू दे. आता पुढच्या शनिवारी मी येत नाही."

आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ती रडत होती आणि मला आतून आनंद होत होता. त्याची इतकी लाज वाटली की मी तिला फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही.