समीक्षा घरून आणा

आम्ही दौंडच्या कॉलेजातले मराठीवाले कुणाच्या लग्नात भेटलो की जेवण गार होतं. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि सगळे येऊन थांबतात ते जाधव सरांवर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर कथा अशी वाचायचे की मागच्या बाकावरची झोप उडायची. वाचून झाली की म्हणायचे, "गाइड उघडू नका. घरी ही गोष्ट सांगा, आणि घरचे काय म्हणाले ते उद्या वर्गात सांगा. समीक्षा घरून आणा."

*

माझे वडील रेल्वेत गार्ड. एका कथेत नायकाची गाडी चुकते आणि प्रेमही हातचं जातं. मी अगदी रडत रडत सांगितली. वडील बूट काढत म्हणाले, "मागनं पॅसेंजर असंल की. रडतंय कशाला?"

सर जाम खूश! "आता सांगा, तो मागच्या गाडीने का गेला नाही?" या भांडणात आम्ही पुढचा तासही खाल्ला. इतिहासाचे सर दारात ताटकळत उभे होते.

*

दुसऱ्या एका कथेत उपाशी बाळंतीण होती. दुसऱ्या दिवशी वर्गातला संजय डबा घेऊन आला. "सर, आईनं डिंकाचे लाडू दिलेत. त्या बाळंतिणीला."

गोष्ट खरी नाही, हे त्याने घरी सांगून पाहिलं होतं. आई म्हणाली, "आसंल. पन ती कुठं ऱ्हाती ते सरांना ठावं आसंल की."

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाले, "इतकं चांगलं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही." लाडू मात्र आम्हीच संपवले.

*

गोष्ट सांगण्यात वर्गात सुनीताचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती न्हावऱ्याकडच्या वस्तीवरून शिरूरच्या एसटीने ये-जा करायची. घरी पोचेपर्यंत तिला दम निघायचा नाही, एसटीतच सुरू व्हायची. एकदा सासू-सुनेच्या कथेवरून गाडीत दोन पार्ट्या पडल्या आणि कंडक्टर बेल मारायलाच विसरला. ज्यांचा स्टॉप मागे गेला ते मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आता शेवट ऐकूनच उतरतो."

*

आणि तीच सुनीता यायची बंद झाली. तिला बीए होऊन मराठी शिकवायचं होतं. पण तिच्या वडिलांनी, आप्पांनी, स्थळं बघायला घेतली. सर वस्तीवर जाऊन आले. आप्पांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाले. म्हणजे नाहीच. त्यानंतर सरांचं वाचनात लक्ष लागेना, आमचंही ऐकण्यात.

मग एक दिवस तास चालू असताना आप्पाच दारात उभे. आम्हाला वाटलं, दाखला न्यायला आले.

"सर, घरात करमंना बघा. रोज सांजच्याला गोष्ट असायची. आता पोरगी म्हणती, नव्या गोष्टी कालेजात ऱ्हाइल्या. तवा आजची मला सांगा, मी घरी सांगतो."

सरांनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि कथा सुरुवातीपासून वाचली. आप्पांनी मध्ये एकदा उपरण्याने डोळे पुसले.

"आता सांगून दाखवा, आप्पा," सर म्हणाले.

आप्पा उभे राहिले. "एक बाई व्हती," म्हणाले आणि अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. वर्गात कोणी हसलं नाही.

उपरणं खांद्यावर टाकून ते दाराकडे निघाले.

"हे आपलं काम न्हाई, सर. उद्याच्याला तिलाच धाडतो."