आबांना न सांगितलेला शेवट

आबांना मी शेवट सांगितलाच नव्हता. बाप-लेकाचा साधा सिनेमा, पाठीशी कुणी निर्माता नाही, म्हणून बापाच्या कामाला माझाच बाप उभा केला. "शेवटी काय होतं रं?" त्यांनी विचारलं, तेव्हा मी खुशाल थाप मारली, "पोरगा घरी येतो." खरं तर सिनेमातला पोरगा पुण्याहून येईपर्यंत बाप गेलेला असतो. पण छातीत स्टेंट बसवलेल्या माणसाला "आबा, तुम्ही मरता" हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

दारात बसून पोराची वाट बघायचा आबांचा सीन काढून झाला होता. आता एका प्रसंगासाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. बीडच्या दुकानात आबांचाच फोटो दिला, खाली गावाचं नाव आणि 'शोकाकुल' म्हणून चार खोटी नावं. सिनेमाचं बोललो तर गावभर होईल, म्हणून तिथंही गप्प. नको तिथं हुशारी! आमच्याकडं असा फ्लेक्स छापला की दुकानदाराची माणसंच चौकट ठोकून गावच्या चौकात बांधून येतात. मयताच्या घरच्यांना त्या वेळी काय विचारत बसायचं?

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या शूटिंगसाठी बीडमध्ये पुन्हा भाड्याचा कॅमेरा घेत होतो, तर पुण्यात असलेल्या गावाकडच्या मित्राचा फोन.

"आबा कवा गेले बे? कळवायचं तरी! चौकातला फ्लेक्स आत्ता मोबाईलवर बघितला."

सकाळचे नऊ वाजलेले. नवाला आबा चौकात चहाला जातात. फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला, तेच. मोटारसायकल काढली आणि गावाकडं, धारूरची वाट धरली. घाटाच्या प्रत्येक वळणावर मला आबा चहाच्या टपरीपुढं आडवे पडलेले दिसत होते. देवा, आज त्यांचा चष्मा घरी राहू दे, एवढंच म्हणत होतो. मी इतका कधीच भ्यालो नव्हतो.

चौकात गर्दी होती. ती बघून मला गाडी स्टँडवर लावणंही सुचेना, तशीच टाकून धावलो. आबा फ्लेक्सखालच्या बाकावर बसले होते. जिवंत! चष्मा लावून खालची नावं वाचत होते.

"आबा, चुकून लागला हो! सिनेमाचा हाय तो," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"कळलं मला. शोकाकुलमदी पोराचं नाव न्हाई. येतच न्हाई ना तो?"

"येतो, पण उशिरा," मी कबूल केलं.

"मग दारात बसल्याला सीन परत काढ. तो येणार म्हनलास, म्हणून मी सारखा रस्त्याकडं बघत होतो."

"राहू द्या, आबा. बाप वाट बघतो, तेच पाहिजे."

"न्हाई रं. येणार न्हाई, हे बापाला आदीच कळतं. तो रस्त्याकडं बघत न्हाई. दिवाळीला मी बघतो का?"

मागच्या चारही दिवाळ्या मी पुण्यातच होतो.